यादीबाहेरचा शब्द

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा एक शब्द खाल्ला त्या माणसाने.

इंग्रजी पेपरच्या शेवटच्या पानावर ‘नवाक्षरी’ येते. तीन बाय तीनची चौकट, नऊ अक्षरं. त्यांतून शब्द शोधायचे, चार अक्षरांच्या खाली नाही, आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. नऊच्या नऊ अक्षरं वापरणारा एक शब्द आत दडलेला असतो. एकूण शब्द किती ते खाली छापतात, यादी दुसऱ्या दिवशी देतात. काल मधे जी होता आणि भोवती चार-चार एल. नऊ अक्षरी शब्द होता ‘इल्लीगली’, तो मला चहा गाळतानाच सापडला. छापील आकडा अकरा, माझे बारा. आज यादी आली. तिच्यात ‘गॅली’ नाही!

गॅली! छापखान्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय वाचलं? ओल्या शाईच्या गॅल्या, म्हणजे तपासणीचे लांबलचक कागद, टेबलावर येऊन पडायच्या आणि मी त्यांच्यावर मान मोडून चुका काढायची. आणि हा गृहस्थ म्हणतो, असा शब्दच नाही. चूक एखाद्या वेळी होते, मान्य. याची महिन्यातून दहा वेळा होते. मी छापखान्यात अशी कामं केली असती तर तिसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार वन्संना डायालिसिसला न्यायचं. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि यांची थोरली बहीण. वन्संच्या मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला, आता यंत्र ते काम करतं, एका खेपेला चार तास. खोलीत सहा खुर्च्या, सहा यंत्रं आणि खिडकी मात्र एकच. तिथल्या तंत्रज्ञ बाई वजनं लिहायच्या पांढऱ्या फळ्यावर नवाक्षरीची चौकट काढतात आणि सहाही जण, ट्रकवाला, बेकरीवाला, पोस्टमास्तर, वन्सं सगळे, तिच्यावर तुटून पडतात. एका हातात सुया, म्हणून तोंडाने सांगायचं, बाई लिहितात. फळ्याच्या कडेला लाल रंगात एक रकाना आहे, ‘पेपरला चकवलं’. यादीत नसलेला शब्द ज्याला सापडेल तो पुढच्या खेपेला खिडकीच्या खुर्चीवर. शब्द शब्दकोशात दाखवावा लागतो, पण घरच्या माणसाने शोधलेलाही चालतो. मग बाई पेपरला एक कार्ड टाकतात, ‘आमच्या ट्रकवाल्याने तुम्हाला चकवलं’ वगैरे.

माझ्या गॅलीवर आज वन्संना बुधवारची खिडकी मिळाली. वन्सं अशा खूश, की रक्तदाब मोजताना बाई म्हणाल्या, ‘आजी, हसू नका, आकडा चढतोय.’

मी म्हटलं, ‘वन्सं, हसताय काय? शुद्ध हलगर्जीपणा आहे हा.’

‘असू दे गं,’ वन्सं म्हणाल्या, ‘हलगर्जीपणा त्याचा, खिडकी माझी.’

घरी आल्यावर संपादकांना पत्र लिहिलं. एकोणिसावं. शेवटी लिहिलं की ज्यांना काम जमत नाही त्यांनी ते जमणाऱ्यांना द्यावं.

११ मार्च, मंगळवार

दिलं! संपादकांनी बोलावून घेतलं. वाटलं होतं माफी मागतील. माणूस तरुण, टेबलावर कागदांचा ढीग, माझी एकोणीस पत्रं एका क्लिपमध्ये. म्हणाले, ‘बाई, इतकं येतं तर तुम्हीच का करत नाही? जुने गृहस्थ थकलेच आहेत.’

मग म्हटलं, ‘करते.’

अट एकच. कोडं कोण करतं हे कोणालाही सांगायचं नाही, घरातसुद्धा. लोकांना पत्ता लागला की दारात येऊन भांडतात म्हणे. मला काय त्याचं, मी भांडायला कारणच ठेवणार नाही. वन्संना सांगितलं, जुन्या छापखान्यातून थोडं मुद्रितशोधन घरी आणते आहे.

जुन्या गृहस्थांचं काम माझ्या पत्रांमुळे गेलं का? विचार आला होता. पण मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज ते जुने कोडेकार पेपरच्या कचेरीत भेटले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोटांना जुन्या शाईचे डाग. आधी सरकारी खात्यात नकाशे काढायचे. बुटांच्या दोन खोक्यांत भरून कार्डं आणली होती. एका कोड्याला एक कार्ड, सतरा वर्षांची. नीट रचलेली, तारीखवार. चला, निदान टापटीप तरी आहे, म्हटलं.

निघताना म्हणाले, ‘बाई, एक सांगू? एखाददुसरा शब्द यादीबाहेर ठेवत जा.’

मी विचारलं, ‘म्हणजे तुम्ही जाणूनबुजून गाळत होता?’

‘हो.’

हो! चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नाही. मी म्हटलं, ‘अहो, लोक पेपरवर विश्वास ठेवतात. तुम्ही चोवीस छापता आणि असतात सव्वीस, ही फसवणूक नाही?’

‘लोकांना आत यायला थोडी जागा लागते,’ ते म्हणाले.

‘हे काय नाटकगृह आहे?’

त्यावर नुसते हसले आणि जिना उतरून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सतरा वर्षं समजत होते की माणूस अडाणी आहे. अडाणीपणा परवडला! हा तर ठरवून चुका करत होता. आणि पुन्हा मलाच शहाणपण शिकवतो!

खोकी घरी आणली, पण उघडली नाहीत. कपाटावर फेकून दिली. मला गाळीव माल नको.

२० मार्च, गुरुवार

माझी पहिली नवाक्षरी काल आली आणि यादी आज. अडतीस शब्द. तीन शब्दकोश समोर ठेवून काढले, एकही बाहेर नाही. कोणी मायेचा पूत आता एकोणचाळिसावा काढून दाखवू दे.

काल खोलीत मी मुद्दाम मासिक तोंडापुढे धरून बसले होते. सगळ्यांचे मिळून एकतीस झाले. बेकरीवाला म्हणाला, ‘उद्या बघू, एखादा तरी राहिलाच असेल त्याचा.’ मला आतून इतकं हसू येत होतं.

२४ मार्च, सोमवार

लाल रकाना रिकामा. शुक्रवारीही रिकामाच होता. ट्रकवाल्याने ‘रिग’ म्हणून काहीतरी सुचवलं, ते तीन अक्षरी निघालं. वन्सं यादीवरून दोनदा बोट फिरवून म्हणाल्या, ‘कोडं करणारा बदलला वाटतं.’

‘कशावरून?’ मी विचारलं.

‘हा काही सोडत नाही गं. ताट चाटूनपुसून ठेवतो.’

मला ती स्तुती वाटली. मग त्यांचं तोंड पाहिलं तर स्तुती नव्हती.

२ एप्रिल, बुधवार

आज खोलीत खिडकीवरून भांडण झालं. दोन आठवडे कोणाला यादीबाहेरचा शब्द सापडलेला नाही, त्यामुळे शेवटचा जिंकलेला ट्रकवाला तिथेच ठाण मांडून आहे. पोस्टमास्तर म्हणाले, ‘तुमच्या बापाची आहे का खिडकी?’ ट्रकवाला म्हणाला, ‘शोधा शब्द आणि बसा.’ दोघांचीही यंत्रं पीं-पीं करायला लागली. शेवटी बाईंनी खुर्च्यांची पाळी लावून दिली, तारखेप्रमाणे. आता शब्द शोधा की न शोधा, सहा खेपांनी एकदा खिडकी.

यात माझा काय दोष? मोठी माणसं खुर्चीवरून भांडतात आणि बोल मात्र कोड्याला! वन्सं तर भर खोलीत बोलल्या, ‘हा जो कोणी आहे ना नवीन, कद्रू आहे मेला. दुसऱ्याला म्हणून एक दाणा ठेवत नाही.’ सगळे हसले. मी स्वेटरचे टाके मोजत होते, चार टाके चुकले.

कद्रू! तीन शब्दकोश उलथेपालथे करून मी लोकांना अचूक यादी देते आणि ही किंमत. सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण अट आहे.

९ एप्रिल, बुधवार

संपादकांचा फोन. तीन आठवड्यांत नवाक्षरीबद्दल एकही पत्र नाही, म्हणाले. मी म्हटलं, ‘येणार कसं? चूकच नाही.’

‘तेच तर,’ ते म्हणाले. ‘आधी आठवड्याला साठ-सत्तर यायची. आता ते पान कोणी वाचतं की नाही तेच कळत नाही. महिनाभर बघू, नाहीतर तिथे दुसरं काही टाकू.’

म्हणजे बिनचूक कामाची शिक्षा! चुका होत्या तेव्हा सतरा वर्षं चाललं आणि बरोबर आहे तर बंद करा. मी तिथल्या तिथे सुनावलं. त्यांनी ‘हो, हो’ करत फोन ठेवला.

खोलीतल्या फळ्यावर आज चौकट नव्हती. बाई म्हणाल्या, कोणी विचारतच नाही. नुसती वजनं लिहिलेली, आधीचं आणि नंतरचं. ट्रकवाला झोपला होता. वन्संनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. साडेतीन तासांनी म्हणाल्या, ‘काढा मला, पुरे झालं.’ अर्धा तास बाकी होता. सही करून निघाल्या.

१४ एप्रिल, सोमवार

वन्सं आज गेल्याच नाहीत. रिक्षा खाली येऊन उभी, मी चपला घातलेल्या आणि या पलंगावर पाय पसरून. म्हणाल्या, ‘मी येत नाही.’

‘पाय दुखतायत? सुया टोचतात? बाईंशी काही झालं?’

‘काही नाही गं. कंटाळा आला.’

‘कंटाळा? वन्सं, ही काय सिनेमाची तिकिटं आहेत? रक्त साफ करायचंय!’

‘चार तास छताकडे बघायचं. त्यापेक्षा घरचं छत बरं.’

मी खूप बोलले. जास्तच बोलले. दोन वर्षं मी यांना नेते-आणते, पाण्याचा घोट मोजून देते, केळं लपवून ठेवते आणि यांना कंटाळा येतो! मला नसेल येत? चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले या बाईने, एका जागी बारा-बारा तास बसून. तेव्हा कसा नाही आला? हट्ट आहे नुसता. म्हाताऱ्या माणसांचा हट्ट. रिक्षावाला तीनदा भोंगा वाजवून निघून गेला.

१६ एप्रिल, बुधवार

आजही नाही. पावलं सुजली आहेत, बोट दाबलं की खळगा राहतो. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, ‘अशा अजून दोन-चार खेपा चुकल्या तर मला काही करता येणार नाही. तुम्ही समजावा.’ मी समजावते आहे की! आरडाओरडा करून समजावते आहे. वन्सं ऐकतात, मान डोलावतात आणि कूस बदलतात.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी वन्संना श्वास पुरेना. उशा रचून बसवलं तरी धाप. रिक्षात घालून तसंच नेलं. तंत्रज्ञ बाईंनी वार नसतानाही यंत्राला लावलं, प्राणवायूची नळी लावली. दीड तासाने चेहऱ्यावर थोडा रंग आला. डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, ‘ही शेवटची हं वहिनी. मला पुन्हा आणू नकोस.’

मी बाहेर येऊन बाईंवरच घसरले. इथे पेशंटना धरून ठेवता येत नाही का तुम्हाला? बाई गरीब स्वभावाच्या, पण आज उलटून बोलल्या. ‘मी काय धरून ठेवणार? मी सुया टोचते. आधी ही माणसं कोडं सोडवायला यायची आणि मधल्या मधे माझ्याकडून रक्त साफ करून घ्यायची. फळा पुसला तेव्हापासून सगळे फक्त आजारी आहेत.’

‘माणसं जगायला येतात की कोडी सोडवायला?’ मी विचारलं.

‘आठवड्याला बारा तास असतात, बाई. वर्षानुवर्षं. तुम्ही बसून बघा एकदा.’

मी काय बसत नाही? रोज बसते. पण बाजूच्या बाकावर. उठून चहाला जाऊ शकते.

वन्संचे कपडे आणायला घरी आले. कपाट उघडताना वरची खोकी अंगावर आली आणि सतरा वर्षांची कार्डं फरशीभर पसरली. भरायला बसले. पुढच्या बाजूला चौकट आणि यादी, ते माहीत होतं. मागेही लिहिलेलं होतं, बारीक, नकाशावर लिहितात तशा अक्षरात. प्रत्येक कार्डामागे एक किंवा दोन शब्द.

‘एक्सल. डायालिसिसच्या खोलीतला ट्रकवाला. सापडला, कार्ड आलं.’

‘यीस्ट. तिथलाच बेकरीवाला. दोन खेपा सापडला नाही, पुन्हा ठेवावा.’

एका शाळामास्तरांसाठी होता, एका सुईणीसाठी होता. सात-आठ कार्डांमागे काही नावच नव्हतं, नुसतं ‘ज्याला सापडेल त्याला’. आणि मार्चचं कार्ड. ‘गॅली. प्रुफवाल्या बाई. नक्की चिडतील.’

मी ते कार्ड उलटंपालटं करून दोनदा वाचलं.

राग आला. खरं तेच लिहिते, आधी रागच आला, आणि असा की कानशिलं तापली. एकोणीस वेळा मी चुका पकडल्या म्हणून मान ताठ करून फिरले आणि एकोणीसही वेळा त्या माणसाने माझ्यासाठी पाट मांडून ठेवला होता! ‘प्रुफवाल्या बाई’ लिहिलेली सगळी कार्डं वेचून काढली. एकूण एक शब्द छापखान्याचा होता. मला कधी लक्षात आलं नाही. वाटलं, आपली नजरच तशी.

त्यांना फोन लावला. ‘एकोणीस पत्रं लिहिली मी!’ नमस्कारही केला नाही.

‘वीस,’ ते म्हणाले. ‘एक तुम्ही रागाच्या भरात दोनदा पाठवलंत.’

‘तुम्हाला लाज नाही वाटली? माणसाला असं खेळवायचं?’

‘चिडलात की दिवस बरा जायचा तुमचा. अक्षरावरून कळायचं.’ मग म्हणाले, ‘त्या डायालिसिसच्या खोलीतून कार्डं येतात का हो अजून?’

मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि कार्डं तशीच टाकून वन्संचे कपडे घेऊन निघाले. रिक्षात मनात हिशेब लावत होते, माझी कोडी एकोणीस मार्चपासून. वन्सं भिंतीकडे वळल्या नऊ एप्रिलला. तीन आठवडे.

कद्रू मेला म्हणाल्या होत्या. बरोबर म्हणाल्या होत्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

वन्सं कालच्या खेपेनंतर घरी आल्या आहेत. डॉक्टरांनी आजची सूट दिली आहे, सोमवारी मात्र यायलाच हवं. वन्सं म्हणतात, येणार नाही. वाद घातला नाही. वेळ नव्हता.

आजवर मी नऊ अक्षरी शब्द घेऊन बसायची आणि त्याच्या पोटातून छोटे काढायची. आज उलटं. आधी वन्संचा शब्द हवा होता, मग तो ज्याच्या पोटात बसेल असा नऊ अक्षरी. वन्संचं इंग्रजी शिवणाच्या पुस्तकांतलं, पाकिटांवर छापलेल्या बेतांतलं. प्लीट फार सोपा, तो कोणीही काढेल. रूश, म्हणजे चुण्यांची झालर, त्यांनी कधी इंग्रजीत वाचला असेल का, शंका. मग आठवला ‘गसेट’. बगलेत लावतात तो कापडाचा जादा तुकडा, हात उंच केला तरी शिवण उसवू नये म्हणून. माझ्या प्रत्येक ब्लाउजला वन्संनी लावला आहे, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं आहे की कापड वाया जातं.

गसेटची अक्षरं जी, यू, दोन एस, ई, टी. यांना पोटात घेणारा नऊ अक्षरी शब्द शोधता शोधता सकाळ गेली, दोनदा दूध उतू गेलं. शेवटी ‘सजेस्टेड’ सापडला. दोन जी आहेत, दोन एस आहेत, सगळं बसतं. मधे यू.

चौतीस शब्द झाले. त्यातून गसेट काढायचा. पेन टेकवलं आणि हात चालेना. एकतीस वर्षं गळलेलं भरत आले, भरलेलं गाळलं कधीच नाही. शेवटी रेघ मारली. मग लक्षात आलं, गसेट गेला तर ‘गसेटेड’ही जायला हवा, नाहीतर सगळं उघडं पडेल. एकाच्या जागी दोन! संपादकांच्या कचेरीत स्वतः जाऊन उद्याचं कोडं बदलून दिलं. एकूण शब्द: बत्तीस. गेल्याच महिन्यात दुसऱ्याला फसवणूक म्हणून सुनावलं आणि आता मी खोटा आकडा छापायला दिला आहे. अंगाला खाज सुटल्यासारखं होतंय.

१९ एप्रिल, शनिवार

पेपर त्यांच्या पलंगावर ठेवला, कोडं वर करून. वन्संनी तो उचलला, घडी केली आणि त्यावर औषधाचा डबा ठेवला.

मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. काही उपयोग नाही. डबा उचलून पुसायच्या निमित्ताने पेपर पुन्हा उलगडला. त्यांनी पुन्हा डबा ठेवला, पण या वेळी चौकटीच्या शेजारी. दुपारी जेवणं झाली, मी झाकपाक करत होते. आतून आवाज आला, ‘वहिनी, गसेटला एस दोन ना?’

‘मला काय माहीत?’ मी म्हटलं आणि पदर तोंडात धरला.

२० एप्रिल, रविवार

सकाळी सहा वाजता वन्सं दारात पेपरची वाट बघत उभ्या. सुजल्या पावलांनी! यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

‘गसेट नाही.’

मी म्हटलं, ‘असेल, नीट बघा.’

‘अगं नाही म्हणते ना! गसेट नाही, गसेटेड नाही. आठ अक्षरी शब्द नाही म्हणजे काय? चष्मा दे माझा. शब्दकोश दे, मोठा दे.’

सापडला तेव्हा पानावर अशी मूठ आपटली की औषधाचा डबा खाली. ‘चाळीस वर्षं मी गसेट लावले. तीन हजार तरी लावले असतील. आणि हा म्हणतो असा शब्दच नाही! उद्या रिक्षा किती वाजता सांगितलीस?’

मी सांगितलेलीच नव्हती. धावत खाली गेले.

२१ एप्रिल, सोमवार

शब्दकोश मांडीवर घेऊन वन्सं रिक्षातून उतरल्या. कपडे बदलायच्याही आधी बाईंना म्हणाल्या, ‘फळा पुसा. लाल पेन घ्या.’

खोलीत एकच कालवा झाला. पोस्टमास्तरांनी शब्दकोश स्वतः तपासला, चष्मा वर-खाली करून. बेकरीवाल्याने विचारलं, गसेट म्हणजे काय, तर वन्संनी मोकळा हात वर करून बगल दाखवली, सगळ्यांसमोर. ट्रकवाला म्हणाला, ‘बघा, मी म्हटलं होतं, चुकणार एक दिवस लेकाचा.’ बाईंनी पाळीचा कागद भिंतीवरून काढला. बुधवारची खिडकी वन्संची. बुधवारची! वन्सं म्हणाल्या, ‘सकाळची वेळ द्या, ऊन येतं तेव्हाची.’

मग म्हणाल्या, नुसतं कार्ड नको, पत्र लिहायचं. हातात सुया म्हणून मला कागद घ्यायला लावला. ‘तुझी सवय आहे वहिनी, तूच लिही. मी सांगते तसं लिही, स्वतःचं घालू नकोस.’

‘सांगा.’

‘लिही. महाशय, आपण मूर्ख आहात.’

पोस्टमास्तर म्हणाले, सुरुवातीलाच नको. वन्सं म्हणाल्या, सुरुवातीलाच. मी लिहिलं. पुढे लिहिलं की ज्याने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नाही त्याने लोकांना शब्द शिकवू नयेत. की महिनाभर हा माणूस ताट चाटूनपुसून ठेवत होता आणि आता त्याची खोड जिरली. की या खोलीतले सहाही जण त्याच्यावर नजर ठेवून आहेत, सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकही खेप न चुकवता. मी इथे पेन थांबवलं तर म्हणाल्या, ‘काय झालं? लिही ना.’

लिहिलं.

‘आणि शेवटी लिही, तुमच्या घरात शिवणकाम येणारी एखादी बाई असेल, तर छापण्याआधी तिला विचारत जा.’

मी वर पाहिलं. वन्संचे डोळे मिटलेले होते, तोंड खिडकीकडे. हसत होत्या की नाही ते कळलं नाही.

असली पत्रं! सभ्य माणसाला मूर्ख म्हणायचं, घरादारापर्यंत जायचं, तेही अशा शब्दासाठी जो मी स्वतः काढून ठेवला! माझा संताप संताप झाला. एका वाक्यात कर्ता हरवला होता, तोही दुरुस्त केला नाही. सहा जणांनी डाव्या-उजव्या, ज्या हाताला सुई नव्हती त्या हाताने सह्या केल्या. वाचून दाखव म्हणाल्या, वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.